मानो तेर्योची शिडी

शिडी खांद्यावर घेतलेला माणूस गल्लीत दिसला की आमच्या सांता रुफिनातल्या बायका आधी चुलीवर पाणी ठेवायच्या आणि मग कोंबडीमागे धावायच्या. हसू नका. एक अख्खं वर्ष हेच चाललं होतं, आणि त्या वर्षानंच आमच्या गावाची वीज वाचवली.

माझी खानावळ वीज सहकारी संस्थेच्या ऑफिससमोरच. मना ओयांगची खानावळ विचारा, सामार बेटाच्या या टोकाला कुणीही दाखवेल. मॅनेजरपासून वायरमनपर्यंत सगळे माझ्याकडेच जेवतात, आणि घास तोंडात असला की माणसं खरं बोलतात. माझं वीजबिल मी वेळच्या वेळी भरते, म्हणून माझी जीभ कुणाच्या बापाला भीत नाही.

मानो तेर्यो हा संस्थेचा लाइन कापणारा वायरमन. बिल थकलं की शिडी लावायची, चढायचं, खांबावरून तार सोडवायची, एवढंच त्याचं काम. मानो म्हणजे थोरला दादा, जशी मी मना, थोरली ताई. नाव एलेउतेर्यो, पण एवढं लांब नाव घ्यायला सवड फक्त पाद्रीबाबांना. आता बघा गंमत, लाइन कापायच्या कामावर संस्थेनं ठेवला कोण, तर गावातला सगळ्यात मऊ माणूस. बाईनं डोळे पुसले की हा शिडी घडी करून परत. त्याची बायको बिबिंग म्हणायची, "आमच्या ह्यांनी आजवर कापलं असेल तर फक्त स्वतःचं नाक."

गावानं हे मऊपण बरोबर हेरलं. आमच्यात पोराच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप लागतो, निनोंग म्हणतात त्याला. एकदा का कुणी तुमच्या लेकराचा निनोंग झाला की तो तुमचा पारे. पारे म्हणजे सख्ख्या भावाच्या वर. पारेला उपाशी पाठवायचं नाही, पारेचा शब्द मोडायचा नाही, पारेच्या वाइटावर जायचं नाही. मग काय विचारता! ज्याचं बिल थकलं त्याच्या घरी पाळणा हलला की पहिलं आमंत्रण तेर्योला. बाळाच्या डोक्यावर पवित्र पाणी पडायचं आणि बापाच्या डोक्यावरचं बिल उतरायचं. बघता बघता तेर्यो अर्ध्या गावाचा पारे झाला.

त्याची शिक्षा मात्र त्याला दर नाताळात भोगावी लागायची. नाताळला धर्मलेकरं निनोंगच्या दारी येतात, त्याचा हात आपल्या कपाळाला लावतात आणि खाऊला पैसे मागतात. तेर्योची धर्मलेकरं म्हणजे शाळा सुटल्यासारखी यायची. वायरमनचा पगार तो केवढा! मग हा काय करायचा, तर संध्याकाळी घरातले दिवे मालवून मागच्या खोलीत तांदळाच्या पोत्याआड बसायचा. आणि बिबिंग आतून ओरडायची, "लाइट गेलीय रे पोरांनो, घरी कुणी नाही!" घरी कुणी नाही तर बोलतंय कोण, हे विचारायचं पोरांना सुचायचं नाही, कारण लाइट आमच्याकडे खरोखरच इतकी जायची की कुणालाही पटावं.

जाणार नाही तर काय होईल! संस्था वीज विकत घेणार मोठ्या कंपनीकडून. त्यातली निम्मी तारांवर टाकलेल्या आकड्यांतून गळणार आणि उरलेल्या निम्मीचं बिल पारेपणात बुडणार. डोंगरावरच्या वस्तीचा डीपी जळाला तर नवा आणायला पैसा नाही. तिथले लोक म्हणायचे, "वीज नाही तर बिल कसलं?" आणि ऑफिसातले म्हणायचे, "बिल नाही तर वीज कसली?" वार्षिक सभेला मात्र सगळे हजर, कारण सभेनंतर लॉटरीत तांदळाची पोती आणि पंखे मिळायचे. पंखा जिंकायचा आणि तो आकड्यावर चालवायचा! असे आम्ही सभासद.

अशात सेबूहून नवी मॅनेजर आली. इवेट लागुंझाद, इंजिनियर. बुटकी, ठसठशीत, आणि जेवायला बसली की दुसऱ्यांदा भात मागणारी. मला बाई तिथेच आवडली. पहिल्याच आठवड्यात तिनं तेर्योला माझ्याच बाकावर समोर बसवलं.

"मानो तेर्यो, कंपनीनं नोटीस दिलीय. वर्षभरात वसुली सुधारली नाही तर गावाचा मेन स्विचच बंद. मग तू कुणाची लाइन कापायची गरज नाही, सगळ्यांचीच कापलेली."

"अरे देवा," तेर्यो म्हणाला.

"देवाला मध्ये घेऊ नकोस, त्याचं बिल चर्च भरतंय. तू कापणार आहेस की नाही एवढं सांग. नाहीतर मी ताक्लोबानहून कंत्राटी पोरं आणते. त्यांचं इथे कुणी पारे नाही की मारे नाही. एका दिवसात गाव काळोख करतील."

तेर्योनं ताटातल्या माशाचा काटा काढून कडेला ठेवला. मग म्हणाला, "मॅडम, परक्यानं येऊन माझ्या धर्मलेकरांच्या घरचा दिवा घालवायचा? त्यापेक्षा मीच जातो. पण एक सांगतो. हे केलं की गावात मला पारे म्हणणारं कुणी राहणार नाही. माझ्या अंगणात कुत्रंसुद्धा येणार नाही."

ज्यांच्यापासून पोत्याआड लपायचा, तेच तुटतील म्हणून हा माणूस रडकुंडीला आला होता. मला त्याची दयाही आली आणि रागही आला. मी म्हटलं, "मेल्या, आधी जाऊन तर बघ! रडायला सबंध जन्म पडलाय."

पहिलं घर क्रिसांतो सुताराचं. तेर्योनं शिडी भिंतीला लावली, पक्कड काढली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला. तेवढ्यात क्रिसांतोची बायको बाहेर आली. "अगं बाई, पारे! उन्हातान्हात उभे काय, आत या, जेवून जा." पारेला नाही म्हणता येत नाही. तिनं कोंबडी कापली, आलं घालून पातळ रस्सा केला, भात वाढला. तेर्यो जेवला. आणि जेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की ज्या घरचं मीठ पोटात, त्या घरची तार हातानं तुटत नाही. शिडी परत न्यावी तर मॅडमला काय सांगायचं? शेवटी शिडी तिथेच भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाला, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी आला. पुन्हा "आत या पारे", पुन्हा कोंबडी. तिसऱ्या दिवशी पुन्हा. शिडी भिंतीला तशीच. येणारा जाणारा विचारतोय, "काय क्रिसांतो, छप्पर गळतंय का?" चौथ्या दिवशी क्रिसांतोची बायको माझ्या खानावळीवरून तरातरा ऑफिसात शिरली. मी हाक मारली, "अगं, कुठं निघालीस?"

"बिल भरायला! अजून दोन दिवस आला तर अंडी द्यायला कोंबडी उरायची नाही. आणि मेला किती जेवतो हो!"

मी हसून हसून बाकावर आडवी झाले. तेर्योला सांगितलं तेव्हा त्याचं तोंड उघडंच राहिलं. शप्पथ सांगते, त्यानं हे ठरवून केलं नव्हतं. पण त्यानंतर ठरवून करायला लागला. पारेच्या दारी शिडी टेकवायची, आत जाऊन पोटभर जेवायचं, "उद्या येतो" म्हणायचं. कुणाचं मन मोडलं नाही, कुणावर आवाज चढवला नाही. उलट कुणाला जड जात असेल तर हाच ऑफिसात जाऊन मॅडमकडून हप्ते बांधून आणायचा. बिल एकदम जमत नसेल तर थोडं थोडं दे, पण कोंबड्या वाचव, असं सांगायचा. आकडेही लोकांनी आपणहून काढले, कारण जेवता जेवता तेर्यो खिडकीतून वर तारेकडे बघायचा आणि सुस्कारा टाकायचा. त्या सुस्काऱ्यानं भल्याभल्यांचा घास अडकायचा.

मॅडम एकदा मला म्हणाली, "मना ओयांग, वरच्या ऑफिसला रिपोर्ट पाठवायचाय. वसुली कशी वाढली म्हणून लिहू? कोंबडी कुठल्या खात्यात दाखवू?"

"गळती कमी झाली, त्यात दाखवा," मी म्हटलं. "आणि तेर्योचं पोट वाढलं, ते भांडवल."

पैसा आला तसा तिनं तो दाबून नाही ठेवला. डोंगरावर नवा डीपी बसला. ज्या दिवशी वस्तीत दिवे लागले त्या दिवशी तिथल्या बायका नाचत खाली आल्या आणि बिल भरून गेल्या. आता संध्याकाळी लाइट गेली तर लोक आश्चर्य करायचे. पूर्वी आली तर करायचे.

एकच घर राहिलं. कपितान हेन्स्यो.

आमच्या वॉर्डाचा निवडून दिलेला पुढारी आणि बर्फाच्या कारखान्याचा मालक. मासेमारांचा सगळा बर्फ त्याच्याकडून. मीटर होता, पण त्याला बगल देऊन जाडजूड केबल सरळ खांबावर. अख्ख्या डोंगरवस्तीला लागते तेवढी वीज तो एकटा गिळायचा. आणि तोही तेर्योचा पारे, धाकट्या पोराचा निनोंग तेर्योच! एवढ्यावर भागलं नाही. तेर्योची एकुलती एक लेक सेंदाय, तातय तातय करत बापामागे फिरणारी, तिचं लग्न ठरलं होतं, आणि लग्नातला मोठा धर्मबाप म्हणून उभा राहणार होता हेन्स्यो. मांडव त्याचा, बर्फ त्याचा, अख्खं भाजलेलं डुक्कर त्याचं. तेर्योची ऐपत काय होती ती सगळ्यांना ठाऊक.

तेर्योनं शिडी कारखान्याच्या भिंतीला टेकवली. हेन्स्योनं हात पसरून स्वागत केलं. "ये पारे, ये! वाट बघत होतो." डुक्कर भाजलं, माडी ओतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ढेरीवर हात फिरवत हेन्स्यो सगळ्यांसमक्ष म्हणाला, "रोज ये रे! माझी डुकरं संपायची नाहीत, आधी तुझं पोट फुटेल."

शिडी आठवडाभर तशीच. गाव बघत होतं. आणि मग क्रिसांतो सुतारानं नवं बिल थांबवलं. त्याला बघून दुसऱ्यानं हप्ता थांबवला. माझ्या बाकावर बसून क्रिसांतो तेर्योच्या तोंडावर म्हणाला, "आमच्या कोंबड्या खाल्ल्यास पारे, त्याचं काही नाही. पण त्याचं डुक्कर खाऊन गप्प बसलास ना, ते लागलं."

तेर्योनं समोरचं ताट सारलं. तेर्योनं भरलं ताट सारलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

लग्न शनिवारी. गुरुवारी मॅडमनं त्याला बोलावून सांगितलं, "मानो, मला कळतं रे. लग्न उरकू दे. सोमवारी काप. चार दिवसांनी काही जात नाही."

"नाही मॅडम," तो म्हणाला. "सोमवारी कापली तर गाव म्हणेल, लेकीच्या लग्नाचं डुक्कर पचवलं आणि मग कापली. आणि ते खरंच असेल."

"आणि सेंदाय?"

"तिला काल रात्री सांगितलं. ती म्हणाली, तातय, बर्फाशिवाय लग्न लागतं."

शुक्रवारी दुपारी मी कारखान्यात गेले होते, सरबतासाठी बर्फ सांगायला. तेर्यो फाटकाशी आला आणि तिथेच उभा राहिला. हेन्स्योनं आतून हाक मारली, "अरे पारे, आत ये! पान वाढलंय."

"आज जेवत नाही, पारे," तेर्यो म्हणाला.

एवढंच. पण हेन्स्योच्या हातातला पेला टेबलावर आला. आमच्यात पारे पारेच्या दारात उभा राहून जेवायला नाही म्हणतो म्हणजे काय, ते त्याला सांगायला लागलं नाही.

"उद्या लग्न आहे, तेर्यो," तो सावकाश म्हणाला.

"ठाऊक आहे."

"मग उद्यापर्यंत दुसरा मांडव शोध. आणि दुसरा धर्मबाप."

तेर्योनं टोपी काढली, पुन्हा घातली आणि भिंतीची शिडी खांबाला लावून चढला. वर जाऊन त्यानं ती केबल सोडवली, ती सापासारखी सळसळत खाली पडली, आणि कारखान्याचं मशीन घरघर करत थांबलं. एवढी शांतता त्या आवारात मी जन्मात ऐकली नव्हती. खाली उतरल्यावर शिडी खांद्यावर घेऊन तो माझ्याजवळून गेला तेव्हा त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मी बर्फाचं विसरले. खानावळीत येऊन बाकं बाहेर रस्त्यावर काढायला घेतली. मांडव नाही तर नाही, माझी गल्ली आहे ना!

लग्न लागलं. चर्चमध्ये धर्मबापाची खुर्ची रिकामी होती. पाद्रीबाबांनी ती हलवायला सांगितलं तर सेंदाय म्हणाली, "राहू दे, फादर." बाहेर आलो तर माझ्या गल्लीत आधी क्रिसांतो उभा, काखेत जिवंत कोंबडी. मागे त्याची बायको, तिच्याकडे दोन. मग आणखी एक पारे, आणखी एक. ज्यांच्या ज्यांच्या भिंतीला ती शिडी टेकली होती ते सगळे आले, कोंबड्या घेऊन. काल मशीन थांबल्याचं गावभर झालं होतं.

"घे पारे," क्रिसांतो म्हणाला, "या मात्र तुला एकट्याला खाऊ देणार नाही."

काय ते रस्से शिजले! मी आणि बिबिंगनं चार चुली पेटवल्या. सरबत कोमट होतं, कुणी नाव ठेवलं नाही. आणि पंगत ऐन रंगात आली असताना हॉर्न वाजला. हेन्स्योचा ट्रक. मागून पाणी गळतंय, धारच लागलीय. बर्फ वितळत होता आणि गोदामात मासेमारांचा सगळा माल पडलेला. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात ते खोटं नाही. बिचारा सकाळी आम्ही चर्चमध्ये असताना ऑफिसचं दार ठोठावून गेला होता. ऑफिस उघडणार कोण? कॅशियर पोरगी लग्नात करवली, मॅडम पंगतीत दुसरा भात मागतेय.

हेन्स्यो खाली उतरला. कुणाकडे न बघता पैशांची पिशवी मॅडमपुढे ठेवली. "घ्या. पहिला हप्ता. बाकीचं बांधून द्या."

मॅडमनं बोटं चाटली, रस्सा सोडवत नव्हता तिला. "आणि केबल?"

"केबल नको. मीटरवरूनच द्या."

करवलीनं फुलांच्या पर्समधून पावतीपुस्तक काढलं. कशाला आणलं होतं देव जाणे, पण मॅडमच्या हाताखालची ती! मग सगळ्यांच्या माना तेर्योकडे वळल्या. तो लग्नाच्या झिरझिरीत पांढऱ्या शर्टात उठला, भिंतीजवळची शिडी घेतली आणि कारखान्याकडे चालू लागला. त्याच्यामागे हेन्स्यो. त्या दोघांच्या मागे नवरानवरीसकट आम्ही सगळी वरात.

"तातय, शर्ट!" सेंदाय ओरडली. कोण ऐकतंय!

शिडी धरायला संस्थेचा एक गडी असायचा, तो आज माडी पिऊन लोळत होता. तेर्यो खांबाशी थांबून इकडे तिकडे बघायला लागला. तेव्हा हेन्स्योनं बाह्या सारल्या, दोन्ही हातांनी शिडी गच्च धरली आणि म्हणाला, "चढ. मी आहे खाली."

तेर्यो चढला. वरून तार जोडता जोडता म्हणाला, "सोडशील तर नाही ना रे?"

"सोडावीशी वाटतेय," हेन्स्यो म्हणाला. "पण तू पडलास तर डुक्कर कोण खाईल? कालपासून भाजून पडलंय."

लोक फिसकन हसले. मशीन घरघरलं. तेर्यो खाली आला तेव्हा दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले, आणि मध्ये सेंदाय शिरली, तिनं हेन्स्योचा हात ओढून आपल्या कपाळाला लावला. "निनोंग, खुर्ची ठेवली होती तुमची," ती म्हणाली. कपितान हेन्स्यो, आमचा एवढा ढेरपोट्या कपितान, भर रस्त्यात रडला. मग डुक्कर आलं, आणि बर्फही.

नोटीस मागे घेतल्याचं मॅडमनं नाताळच्या थोडं आधी माझ्याच खानावळीत सांगितलं. आता रात्रभर वीज राहणार, तिन्हीत्रिकाळ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेर्यो तेवढा गप्प.

"काय रे, आता लपायची पंचाईत झाली ना?" मी म्हटलं.

"तसं नाही, मना ओयांग," तो म्हणाला. "वर्षभर लोकांच्या दारात शिडी लावलीय मी. बाप आले लग्नाला, बापांचं काय, ते समजून घेतात. पण घरचा दिवा घालवायला येणारा म्हणूनच पोरांनी मला पाहिलंय. शिडी दिसली की रडायची काही. ती कशाला येतील?"

नाताळच्या संध्याकाळी मी मुद्दाम त्याच्या घरावरून गेले. तांदळाच्या पोत्याआड आज कुणी नव्हतं. तेर्यो अंगणात खुर्चीवर बसला होता, केस विंचरून, आणि डोक्याच्या वर वाशाला त्यानं नवा मोठा दिवा लावला होता, समुद्रावरून दिसावा असा. मांडीवर खाऊच्या पैशांची पुरचुंडी. रस्ता रिकामा. तो सारखा मान उंच करून कोपऱ्याकडे बघत होता. मला तर तिथं थांबवेना.

मग कोपऱ्यावरून क्रिसांतोची धाकटी आली. दिव्याखाली उभी राहून तिनं डोळे बारीक केले आणि मागे वळून गल्लीत जीव तोडून ओरडली, "या रे सगळे! निनोंग घरी आहे! ह्या वर्षी खरंच घरी आहे!"